समोरचे नऊ मजले

रविवारी जेवणं उरकली, टेबल पुसलं गेलं, आणि दादाने त्यावर हरकतीचं पत्र ठेवलं. टेबल वहिनीने नुकतंच पुसलं होतं, तरी पत्र ठेवण्याआधी दादाने त्यावरून तळहात फिरवून खात्री करून घेतलीच. तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला माणूस. लोकांना आपलं भलं कळतं, असं तो वर्गात सांगायचा. घरात मात्र तसा अनुभव त्याला फारसा आलेला नव्हता.

या घरातून पत्र जायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. अण्णांची उभी हयात टपाल कचेरीत दुसऱ्यांची पत्रं खणांत टाकण्यात गेली, त्यामुळे स्वतःच्या घरच्या पत्राबद्दल ते फार कडक. पत्र आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. मग ज्याला त्याला त्यातला एक शब्द बदलायचा हक्क. एकच, दोन नाहीत. आणि सह्या शेंडेफळापासून सुरू करून वर जायच्या, म्हणजे थोरल्यांच्या सह्या बघून धाकट्याने दबून जाऊ नये. आईची सही सगळ्यांत शेवटी. एकाची जरी राहिली तरी पत्र घराबाहेर पडायचं नाही. अण्णांना जाऊन सोळा वर्षं झाली, पण एवढा नियम त्यांच्या मागे टिकून होता. नळाच्या दाबाबद्दल, गटाराच्या झाकणाबद्दल, खालच्या चष्मेवाल्याच्या झगमगत्या पाटीबद्दल, कितीतरी पत्रं गेली. अडलं एकही नव्हतं.

आजचं पत्र होतं समोरच्या इमारतीबद्दल. रस्त्यापलीकडे विमा कंपनीचं चार मजली ऑफिस होतं, ते तीन वर्षं ओस पडलेलं. त्यावर आणखी पाच मजले चढवून राहायची घरं करायची, असा अर्ज कोणा बिल्डरने केला होता. हरकत घ्यायची मुदत उद्या पाचला संपत होती. या शहरात पैसा इतका होता, की तो ठेवायला लोक घरं विकत घेत आणि मग माणसं ठेवायला घरं उरत नसत. त्यामुळे नऊ मजल्यांची बातमी ऐकून कोणालाही आनंदच व्हायला हवा होता. या टेबलाभोवती तो कोणालाच झाला नव्हता. एकीला झाला होता, पण ती शुक्रवारपासून मिठाची गुळणी धरून बसली होती.

ती शेंडेफळ. वय एकेचाळीस, कानशिलाजवळ पांढरे केस, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. तरी घरात शेंडेफळच. अण्णांनी घर चौघांच्या नावावर सारखं केलं होतं: आई, दादा, मधला आणि ही. खाली चष्म्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर आई, दुसऱ्यावर दादा-वहिनी, तिसऱ्यावर मधला. वाटणीच्या वेळी ही लग्न होऊन परगावी होती. लग्न मोडून परत आली तोवर मजले संपले होते. आता तिच्याकडे घराचा चौथा हिस्सा होता आणि त्यात बसायला रविवारची दुपार. दुकानाच्या भाड्यातला तिचा वाटा छपराच्या डागडुजीला जायचा. हॉस्पिटल इथून दोन गल्ल्या पलीकडे, आणि तिची भाड्याची खोली दोन बस आणि एक गाडी बदलून पावणेदोन तासांवर. अकरा वर्षं ती हे करत होती. "तुला बाई तिकडची मोकळी हवा मानवते," असं वहिनी म्हणायची, आणि शेंडेफळही हो म्हणायची. स्वतःच्याच घरात जागा मागायची तिला लाज वाटायची, आणि आपण होऊन कोणी देईल तर शपथ.

दादाने चष्मा चढवून वाचायला सुरुवात केली. "आम्ही मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते असूनही, प्रस्तावित इमारतीस आमची तीव्र हरकत आहे..."

"थांब," मधला म्हणाला. "आम्ही म्हणजे कोण? मी नाही पुरस्कर्ता. तिथे 'टीकाकार' घाल. हा माझा शब्द."

मधला नियोजन कचेरीत नकाशांवर रंग भरायचा. म्हणजे कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे किती उंची, हे ठरवायचा. शहराचं वाटोळं बाजाराने केलं यावर त्याचा जितका ठाम विश्वास, तितकाच ते वाटोळं नियोजन कचेरीने केलं यावर दादाचा. चाळीस वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी भांडत होते, आणि त्यातली बरीचशी भांडणं याच टेबलावर झाली होती.

"अरे, घरं कमी का आहेत?" दादाचा आवाज वर्गातला झाला. "कारण बांधू देत नाहीत. मागणी आहे, पैसा आहे, विटा आहेत, गवंडी आहेत. मग घोडं कुठे अडतं? तुझ्या कचेरीच्या दारात! शंभर परवाने, दोनशे शिक्के."

"आणि ज्यांनी परवाने घेऊन बांधलं, त्यांनी कोणासाठी बांधलं?" मधल्याने नाकपुड्या फुगवल्या. "नदीकाठचे ते काचेचे मनोरे बघ. अर्ध्या खिडक्यांत दिवा लागत नाही. बाजाराला माणूस दिसतच नाही, त्याला फक्त खिसा दिसतो. पाच टक्के लोकांकडे तीन-तीन घरं, आणि बाकीचे रांगेत."

"तूसुद्धा तुझ्या मजल्याची अर्धी बाजू प्रवाशांना आठवड्याने देतोस की."

"तो वेगळा मुद्दा आहे."

"चाकांच्या बॅगा रात्रंदिवस जिन्यावर आपटतात, तो वेगळा मुद्दा?"

"व्यवस्था बदलेपर्यंत माणसाला त्या व्यवस्थेत जगावं लागतं, दादा!"

शेंडेफळने आईकडे पाहिलं. आई खिडकीशी खुर्चीत बसून लोकरीचा गुंडा करत होती. असल्या भांडणांना ती सरावली होती. चाळीस वर्षांत तिने एकाही पत्रातला शब्द बदलला नव्हता. कागद समोर आला की ती सही करायची, आणि "झालं का?" एवढंच विचारायची.

"पण मला एक सांगा," वहिनी म्हणाली. तिची सही लागत नव्हती, ती मालक नव्हती. पण घरं भाड्याने लावून देणं हा तिचा धंदा, त्यामुळे या टेबलावर घरांबद्दल खरोखर काही ठाऊक असलेली ती एकटीच. "बांधू द्यावं असं तुमचं मत आहे ना? मग हे बांधतायत तर हरकत का?"

दादाने चष्मा काढला. "तत्त्व वेगळं आणि ठिकाण वेगळं. माझ्या अभ्यासिकेत चारनंतर ऊन येणार नाही. याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात."

"म्हणू देत. मला विचाराल तर तुमचा सिद्धांत शंभर टक्के बरोबर आहे हो. घरं वाढली की भाडी उतरतात. म्हणून तर हरकत घ्यायची!" वहिनीने समोरच्या बशीतले चुरे बोटाने गोळा केले. "समोर साठ घरं झाली तर आपल्या गल्लीचा भाव काय राहील? मी उगाच तत्त्वाबित्त्वाच्या भानगडीत पडत नाही."

दोघंही भाऊ एकदम पत्रात डोकं घालून बसले. खोलीत कोणी खरं बोललं की या दोघांचं असं व्हायचं. मग मधल्याने सुचवलं, की पुरस्कर्ते-टीकाकार एवढं सगळंच गाळावं. दादाने मोठ्या मनाने ते गाळलं. बाजार चांगला म्हणून हरकत आणि बाजार वाईट म्हणूनही हरकत, हे त्या दोघांपैकी कोणालाच वावगं वाटलं नाही. इतक्या वर्षांनी भाऊ भाऊ एका पत्रावर एक झाले होते. दादाने तर मधल्याच्या पाठीवर थापही मारली.

"याने अडेल का पण?" वहिनीने विचारलं.

"अडेल म्हणजे? थेट समोरच्या मालकांची हरकत आली की सुनावणी लागते," मधला खुशीत म्हणाला. "दोन वर्षं तरी गेली. तेवढा व्याजाचा भार बिल्डरला झेपत नाही. मग तो वरचे मजले कापतो. आणि वरच्या मजल्यांत हॉस्पिटलच्या लोकांसाठी कमी भाड्याची बारा घरं ठेवलीत, तीही जातील. म्हणजे तुकडा फेकून परवानगी लाटायचा त्याचा डाव फसला!"

शेंडेफळने मांडीवरची पर्स घट्ट धरली. पर्समध्ये शुक्रवारी आलेलं पत्र होतं. बारा जणांच्या यादीत तिचा नंबर नववा होता.

दादाने पेनाचं टोपण काढून पेन तिच्यासमोर ठेवलं. "घे. आधी शेंडेफळ."

तिने पेन उचललं नाही.

"काय गं? शब्द बदलायचाय?"

"मी सही करणार नाही, दादा."

कोणाला पटकन कळलंच नाही. मधला तर हसला.

"त्या बारा घरांत एक माझं आहे," ती म्हणाली, आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबताच येईना. "यादी लागली. नववा नंबर. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. थिएटरमधून बोलावणं आलं तर पाच मिनिटांत पोचेन. आता पहाटे साडेतीनला उठते मी. अकरा वर्षं. मोकळी हवा कसली डोंबलाची! गाडीत उभ्याने झोपते मी, वहिनी."

मग जे झालं ते फार प्रेमाने झालं. वहिनीने तिचा हात हातात घेतला. "अगं, आधी बोलायचं नाहीस का! आम्ही काय परके?" मधल्याचे डोळे खरोखर पाणावले. "बघ, बघ दादा, हीच ती विषमता. आपल्या घरात येऊन पोचली." दादा म्हणाला, की अशी घरं शहरात जागोजागी व्हायला हवीत, आणि तो स्वतः त्याबद्दल वर्तमानपत्रात लेख लिहील. फक्त समोर नकोत, एवढंच. नदीपलीकडे किती जागा पडली आहे!

"मग सही?" शेंडेफळने विचारलं.

"ती तर करायलाच हवी ना बाळा. मुदत उद्याची आहे."

ती हलली नाही. घड्याळात पावणेतीन झाले. दादाने आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग अण्णांचं नाव काढलं. मधल्याने सांगितलं, की एका व्यक्तीच्या सोयीसाठी धोरण वाकवता येत नाही. वहिनी मात्र तिच्याकडे बघत राहिली होती. घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तिला काय हवंय ते विचारा की. उगाच भाषणं कसली देताय?"

दादाचा चेहरा उजळला. हे शास्त्राला धरून होतं. "बरोबर. हिला घर हवंय, आपल्याला सही हवी. सौदा होऊ शकतो. बोल, तुझी किंमत काय?"

शेंडेफळला संताप यायला हवा होता. आला नाही. तिने मनात इतक्या वेळा हे घर जिन्यापासून गच्चीपर्यंत पालथं घातलं होतं, की उत्तर तोंडातच होतं. "गच्चीवरची खोली."

गच्चीवरच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, नळ होता, मोरी होती. त्यात दादाच्या पुस्तकाच्या न खपलेल्या सहाशे प्रती राहत होत्या. पुस्तकाचा विषय होता श्रीमंत शहरांतली घरटंचाई. ज्यांना घरं आहेत तेच इतरांना बांधू देत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष.

"ती? ती रिकामी नाही," दादा म्हणाला.

"पुस्तकांना काय बाहेर थंडी वाजणारेय?" मधला एकदम बहिणीच्या बाजूला गेला. "देऊन टाक! जागा अडवून बसणं हाच तर सगळा रोग आहे."

"मग तुझी अर्धी बाजू दे! तिथे पलंग, पडदे, सगळं तयार आहे."

"माझ्याकडे पुढचे पाच महिने बुकिंग आहे. लोकांनी आगाऊ पैसे भरलेत, आता काय त्यांना रस्त्यावर काढू?"

पाच मिनिटांपूर्वीचे भाऊ भाऊ पुन्हा एकमेकांच्या उरावर बसले. शेवटी वहिनीनेच तोडगा काढला. पुस्तकं खाली चष्मेवाल्याच्या मागच्या कोठीत जातील. खोली शेंडेफळची, भाडं नाही, विजेचं बिल तिचं. "कागदावर लिहा," शेंडेफळ म्हणाली. आपला आवाज इतका कोरडा येईल असं तिला वाटलं नव्हतं. दादाने लिहिलं, आणि खाली एक ओळ घातली: हरकतीचं पत्र रवाना झाल्यास. सौद्यात अट असतेच, असं तो म्हणाला.

मग पेन पुन्हा तिच्यासमोर आलं.

यादीत चौथी होती तिची थिएटरमधली जोडीदारीण. दोन वर्षांची जुळी, नवरा फिरतीवर. शुक्रवारी यादी लागली तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. तिच्याशिवाय आणखी दहा. शेंडेफळने त्या सगळ्यांचा विचार केला, अगदी केला. आणि मग गच्चीवरच्या खोलीचा केला. समोरचं घर दीड वर्षाने मिळालं तर मिळालं. ही खोली या महिन्यात मिळत होती. शिवाय ती तिचीच होती, चौथा हिस्सा तिचाच होता, सोळा वर्षं तिचाच होता! कोणाचं काय ओरबाडत होती ती? बिल्डरचा काय भरवसा, त्याने नाहीतरी ती बारा घरं गाळलीच असती. असं सगळं तिने स्वतःला भराभर सांगितलं आणि सही केली. सही वळणदार आली.

पेन तिने मधल्याकडे सरकवलं. मनाचा एक कोपरा तेवढ्यात वर जाऊन पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवत होता, आणि तिला त्याची भयंकर लाज वाटली.

मधल्याने झोकात सही ठोकली. दादाने तारखेसकट केली. पत्र खिडकीकडे गेलं.

"आई, घे. तुझी तेवढी राहिली," दादा म्हणाला, आणि पाकीट शोधायला वळला.

"मी नाही करत," आई म्हणाली.

पाकीट दादाच्या हातातच राहिलं. "अगं, शब्द बदलायचा असला तर बदल. तुझा हक्क आहे."

"शब्द नकोय मला. सहीच करायची नाहीये."

"पण का?"

"तीन वर्षं झाली, समोर त्या बंद खिडक्या बघतेय. कंटाळा आला. चार माणसं येतील, पोरं येतील, कपडे वाळत घालतील. दिवसभर बघायला होईल काहीतरी." तिने लोकरीची गाठ सोडवली. "तुमचं ऊन जातं, भाव जातो, काय काय जातं, ते ऐकलं मी. माझं काही जात नाही."

दोन तास तिघांनी मिळून शेंडेफळला फितवलं होतं. आईला विचारायचं कोणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. या घरात पत्र अडलं तर ते पहिल्या सहीशी अडणार. शेवटची सही म्हणजे पाकिटाला लावायचा डिंक, असंच सगळे धरून चालले होते.

"तीन सह्यांवर पाठवू," दादा मधल्याला म्हणाला.

मधला खाली बघत होता. "घेणार नाहीत. सगळ्या मालकांच्या सह्या लागतात."

"कोणी केला हा मूर्ख नियम?"

"मी," मधला म्हणाला. "खोट्या हरकती थांबाव्यात म्हणून."

साडेचारपर्यंत आईची मनधरणी चालली. तिने गुंडा पुरा केला आणि दुसरा घेतला. शेवटी दादाने शेंडेफळसमोरचा गच्चीचा कागद अलगद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. "अट होती," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. वहिनीने त्याला जिन्यावर गाठून काहीतरी खडसावलं. वर दार आपटल्याचा आवाज आला. मधला त्याच्या नव्या पाहुण्यांना किल्ल्या द्यायला गेला.

खोलीत दोघीच उरल्या. टेबलावर तीन सह्यांचं पत्र तसंच पडलेलं.

"तुला करायचीच नव्हती, तर आधीच का नाही बोललीस?" शेंडेफळ म्हणाली. "मी सही करायच्या आधी?"

आईचे हात थांबले. "मला कधी जमलंय का गं नाही म्हणायला? तुझ्या अण्णांपुढे नाही, तुझ्या भावांपुढे नाही. तू म्हणालीस, तेव्हा मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, सुटले. माझ्यापर्यंत येतच नाही आता." तिने सुटलेला धागा पुन्हा गुंडाळला. "मग तू पेन उचललंस."

शेंडेफळ उठली. तिने पर्स घेतली, आईच्या पाया पडावं की तिच्या कुशीत शिरावं ते न कळून नुसती उभी राहिली, आणि जिना उतरायला लागली. पाच वीसची बस होती. चष्मेवाल्याच्या बंद दुकानापाशी पोचते तोच फोन वाजला. यादीतली चौथी.

"अगं, काय झालं? तुमच्या घरून हरकत जाणार असं तू काल सांगितल्यापासून इथे सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. पाठवतायत का?"

"नाही. नाही जात. आईने सही केली नाही."

पलीकडून किंकाळीच आली. मागे जुळ्यांपैकी एक दचकून रडायला लागलं. "काय बाई आहे गं तुझी आई! सगळ्यांसमोर नाही म्हणाली? एकटी?"

"एकटी."

"तू अगदी तिच्यावर गेली आहेस बघ," मैत्रीण म्हणाली, आणि आनंदाने रडू लागली.